घाट उतरताना चाक कोण धरतं?

छिंदवाड्याहून नागपूरला निघालेली गाडी उमरानाला मागे टाकून सिल्लेवानीच्या घाटात शिरते. छिंदवाड्याचं पठार समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या आसपास, नागपूर जेमतेम तीनशे दहा. या उतरणीतला अवघड भाग वळणावळणाने, ब्रेकवर पाय ठेवून पार केला की रामाकोना लागतं. पुढे सौंसर, मग सावनेर. 2023 साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि रामाकोना त्यात गेलं, पण नागपूरची वाट तीच राहिली. शिवाय इथल्या गाड्यांना संत्र्याच्या बागांतही शिरावं लागतं. आंबिया बहाराची तोड पावसाळा सरता सरता सुरू होते, तेव्हा चिखलात पडलेल्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या असतात.

अशा वापरातल्या गाडीच्या पुढच्या बाजूने एक दिवस ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. मालक रेडिओ मोठा करतो.

मारुती 800 पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढच्या चाकाची मांडणी एकाच धर्तीची आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ती कल्पना. 1950 साली आलेल्या फोर्ड कॉन्सुल आणि झेफर या गाड्यांनी ती रुळवली. वर शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब, खाली एकच लोअर आर्म. आर्मचं एक टोक बॉल जॉइंटने, चाक ज्यावर बसतं त्या नकलला (knuckle) जोडलेलं, दुसरं रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला.

बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मधे घट्ट बसवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवतात, आतली बोल्टने आवळतात. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच घासत नाही, फक्त रबर पिळतं. घाटात ब्रेक दाबला की चाक मागे रेटलं जातं आणि तो रेटा या रबराने सोसायचा असतो. रबर फाटलेलं असेल तर चाक खरोखरच थोडं मागे सरकतं, त्याची दिशा बदलते आणि गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक सोडला की चाक जागेवर येतं. ‘टक्’ वाजतं ते इथे.

बॉल जॉइंट आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा: वाटीत पोलादी गोळा, भोवती ग्रीस, वर रबरी बूट. अ‍ॅम्बेसेडरच्या काळात पुढच्या सांध्यांना ग्रीस गन लावायची पद्धत होती. आताचे बहुतेक जॉइंट सीलबंद येतात, त्यामुळे सगळी भिस्त त्या बुटावर. तो तडकला की धूळ-पाणी आत शिरतं आणि ग्रीसची खरवड होते. बुश बिचारं बरेच दिवस कुरकुरत राहतं. फार झिजलेला बॉल जॉइंट मात्र चालत्या गाडीत वाटीतून निसटू शकतो आणि चाक आडवं पडतं. म्हणून हा आवाज अंगावर काढू नये.

पण आवाज आला म्हणून लगेच सामान आणायलाही जाऊ नये. लिंक रॉड, टाय रॉड एंड, शॉकअपचं माउंटिंग हेही वाजतात, आणि अंदाजाने एकेक भाग बदलत गेलं तर खिसा आधी झिजतो. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावावा, चाक वरखाली धरून हलवावं. सोबत्याने तेवढ्यात बॉल जॉइंटवर नजर ठेवावी. तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर तो दिसतोच. डावी-उजवीकडे धरून हलवलं तर टाय रॉडचा प्ले कळतो. बुशाला पहारीने हलका रेटा दिला की चिरा उघडतात. हे मालकाने स्वतः पाहावं. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

खोलताना घाई नडते. कित्येक गाड्यांत जॉइंटची पिन नकलमध्ये ज्या बोल्टने धरलेली असते, तो पिनेच्या खाचेतून आरपार गेलेला असतो. नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. हे लक्षात न आल्याने हातोड्याचे कित्येक घाव वाया जातात. बुश काढायला-बसवायला प्रेस हवा. रबराला तेल-ग्रीस लावू नये, ते फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. बुशावर खाचा किंवा खूण असेल तर ती जुन्याच दिशेला यायला हवी. जॉइंट रिव्हेटने आर्मवर पक्का असेल, तर पूर्ण आर्म बदलणंच बहुधा शहाणपणाचं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक शेवटी होते. चाक हवेत लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट करकचून आवळले जातात. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि नवंकोरं रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. मग ते लवकर फाटतं आणि दोष सामानाला दिला जातो. बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच शेवटचा आवळा द्यावा.

नंतर व्हील अलाइनमेंट. आतल्या कडेने खाल्लेला टायर मात्र त्यानेही भरून येत नाही. तो मागच्या चाकाला टाकला तरी घरघरत राहतो, आणि ती घरघर बेअरिंगची समजून पुढच्या खर्चाची बोलणी सुरू होतात.