चुकांची वही

संशोधनाच्या पहिल्याच वर्षी आम्हांला एक शिस्त लावली गेली. प्रयोगवहीत वाचन चुकले तर ते खोडायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवे वाचन लिहायचे आणि तारीख घालायची. शाळेत मात्र आपण चूक दिसली की मुलाच्या हाती खोडरबर देतो. चूक पुसली जाते आणि ती का झाली, हेही तिच्याबरोबर पुसले जाते. एका प्रोग्रामरने ही प्रयोगवहीची शिस्त स्वतःच्या अवजाराला लावली. त्याची ही हकिकत.

डोनाल्ड कनूथ हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. तेव्हाची छपाई धातूचे खिळे जुळवून होत असे. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, ती छायाक्षरजुळणीची. त्यांतली अक्षरे आणि गणिती सूत्रे पाहून कनूथ फार निराश झाले. अक्षरजुळणी म्हणजे शेवटी कुठे शाई आहे आणि कुठे नाही एवढेच. मग ते काम संगणकाला का सांगू नये? ग्रंथलेखन बाजूला ठेवून त्यांनी प्रोग्राम लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल असे वाटलेल्या या कामाने दहाएक वर्षे घेतली. प्रोग्रामचे नाव ‘टेक’. नाव ग्रीक मुळावरून आले आहे, पण मराठीत टेक म्हणजे निर्धार, आणि तो अर्थही इथे शोभतो!

टेक काय करतो? एक उदाहरण पाहू. परिच्छेदाच्या ओळी पाडण्याची सोपी रीत अशी : शब्द मावतील तितके भरायचे, मावेनासे झाले की खालच्या ओळीवर जायचे. पण मग एखाद्या ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. टेक पूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेतो. शब्दांमधली जागा किती ताणावी लागली हे मोजून तो प्रत्येक ओळीला ‘वाईटपणा’चे गुण देतो. हे गुण ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. एका ओळीला २ मापे ताण दिला तर ८ गुण; तोच ताण दोन ओळींत वाटला तर १ + १ = २ गुण. म्हणून थोडा थोडा ताण सगळ्यांनी सोसणे बरे ठरते.

पण पर्याय किती? ओळ तोडण्याच्या ५० जागा असतील, तर तोडायचे की नाही अशा निवडी २ चा ५० वा घात, म्हणजे दहा अब्जांच्या लाखपट होतात. सगळे तपासायची गरज नसते. पुण्याहून अकोल्यामार्गे नागपूरला जायचे असेल आणि अकोल्यापर्यंतचा उत्तम रस्ता एकदा सापडला असेल, तर पुढचा रस्ता शोधताना तो पुन्हा शोधावा लागत नाही. याच विचारावर आधारलेली रीत कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली.

कनूथ यांची कामाची साधनेही पाहण्यासारखी आहेत. प्रोग्रामचा पहिला मसुदा ते पेन्सिलीने कागदावर लिहीत; संगणकावर मजकूर लिहायला ‘ईमॅक्स’ वापरत. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेल सोडला, कारण खोल अभ्यासाला सलग वेळ लागतो. प्रोग्राम हा आधी माणसाने वाचण्याचा निबंध आहे, अशी त्यांची भूमिका. म्हणून टेकचा सबंध प्रोग्राम १९८६ मध्ये पुस्तकरूपाने स्पष्टीकरणासह छापला गेला.

आता वहीकडे वळू. टेक तयार होत असताना सापडलेली प्रत्येक चूक कनूथ तारीखवार नोंदत गेले आणि १९८९ मध्ये त्यांनी ती यादी प्रसिद्ध केली. चुकांचे १५ प्रकार पाडले : रीतच चुकली, काही विसरले, दोन भागांचा मेळ बसला नाही, साधी टंकलेखनाची चूक, इत्यादी. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २५६ सेंटचे बक्षीस असे, कारण सोळाच्या पायावरील अंकलेखनात २५६ हा ‘१००’ असा लिहितात. टेकमधल्या चुकीचे बक्षीस दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर थांबले. बक्षिसाचे धनादेश न वटवता अनेकांनी चौकटीत लावून ठेवले. २००८ पासून धनादेशांऐवजी प्रमाणपत्रे देण्यात येऊ लागली.

टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांकही गमतीचे आहेत : ३, ३.१, ३.१४... प्रत्येक दुरुस्तीबरोबर क्रमांक पाय (π) च्या जवळ सरकतो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ ही आहे. पूर्णत्वाच्या जवळ जात राहायचे, पोचल्याचा दावा करायचा नाही!

आमचा प्रबंध टेकवरच जुळवला होता. अमुक ओळीत चूक आहे, असे तो पुन्हापुन्हा सांगे, तेव्हा राग येई. पण चूक कुठे आहे हे सांगणारे अवजार चूक झाकणाऱ्या अवजारापेक्षा बरे, हे हळूहळू उमगले.

वर्गात हे करून पाहता येईल. गणिताच्या वहीची शेवटची चार पाने चुकांसाठी राखून ठेवावीत. तारीख, चूक आणि तिचे कारण एवढेच लिहावे. गुण कापू नयेत. महिन्याने मुलांनीच चुकांचे प्रकार पाडावेत. हातचा विसरणे, चिन्ह चुकणे, प्रश्न नीट न वाचणे असे गट निघतील. फळ्यावरची आपली चूक दाखवणाऱ्या मुलाला आपणही काही बक्षीस ठेवावे. ते २५६ पैशांचे असले तरी चालेल.