दुसरी प्रत : संगणकातील ठेव्याविषयी थोडेसे

अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरूड या किनारपट्टीवरील घराघरांत पूर्वी कागदपत्रांसाठी पत्र्याची एक पेटी असे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा फोटो, सातबाराचा उतारा, परगावाहून आलेली पत्रे असे सारे तीत जपलेले असे. आज त्या पेटीची जागा संगणकातील हार्ड डिस्कने घेतली आहे. लग्नाची छायाचित्रे, लेकराने टाकलेले पहिले पाऊल, आखाती देशात नोकरीला गेलेल्या मुलाने पाठवलेली चित्रफीत, देवाघरी गेलेल्या आजीचा आवाज हे सर्व तळहाताएवढ्या डबीत मावते. पत्र्याची पेटी गंजली तरी आतला कागद बहुधा वाचता येत असे. डिस्कचे तसे नाही. आदल्या रात्रीपर्यंत नीट चाललेली डिस्क सकाळी सुरू होत नाही आणि तिच्यातील वीस वर्षे एकदम हाताबाहेर जातात.

म्हणून या लेखात आम्ही वाचकांपुढे एकच गोष्ट ठेवू इच्छितो. ज्या वस्तूची दुसरी प्रत दुसऱ्या जागी नाही, ती सुरक्षित आहे असे कोणीही मानू नये.

डिस्क का बिघडते?

पहिली हार्ड डिस्क आयबीएम या कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क कित्येक पटींनी लहान आणि लाखो पटींनी अधिक साठा करणारी असली तरी मूळ रचना तीच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावर माहिती वाचणारे सूक्ष्म टोक तरंगत असते. टोक व तबकडी यांतील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी असते. डिस्क चालू असताना तिला धक्का बसला किंवा आत धुळीचा कण शिरला, तर ते टोक तबकडीवर घासते आणि लेपाबरोबर माहितीही खरवडून जाते. काही डिस्कांची मोटर थकते, काहींचे विजेचे सर्किट जळते.

हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपले आकडे नियमित प्रसिद्ध करते. त्यांनुसार वातानुकूलित खोलीत, जाणकारांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या डिस्कांपैकीही दरवर्षी शेकडा एक ते दोन बंद पडतात. नव्या एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती धक्के सोसते. पण तीही अचानक निकामी होऊ शकते, आणि दीर्घकाळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातील माहिती पुसट होत जाण्याचा संभव असतो.

आपल्या किनाऱ्यावर याखेरीज आणखी कारणे आहेत. खाऱ्या दमट हवेने धातूचे सांधे गंजतात. पावसाळ्यात वीज जाते, येते, आणि येताना कधी दाब वाढवून येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूड भागात घरांची छपरे उडाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणात ठेवलेली दुसरी डिस्क एकाच पाण्यात भिजतात.

रायगडाने शिकवलेला धडा

संगणकाच्या कितीतरी आधी आपल्याच जिल्ह्याने हा अनुभव घेतला आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि गडावरील स्वराज्याचे दफ्तर नष्ट झाले. राज्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद सर्वांत भक्कम गडावर ठेवलेला होता, तरीही तो गेला. मग शिवकालाचा इतिहास आपल्याला कळला कसा? दफ्तरातून बाहेर पडलेली पत्रे, सनदा आणि निवाडे गावोगावच्या देशमुख, कुलकर्णी, जोशी, इनामदार यांच्या घरी होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी पायपीट करून असे कागद माळ्यांवरून, पेट्यांतून आणि रुमालांतून शोधले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. मध्यवर्ती ठेवा जळाला, पण विखुरलेले कागद उरले, म्हणून ही साधने हाती आली.

धर्मग्रामाच्या नोंदवह्या

ख्रिस्तसभेनेही हे शहाणपण नियमांत बांधले आहे. धर्मगुरूंनी बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवावी, असे ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ मध्ये ठरवले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने एक पाऊल पुढे टाकून सांगितले, की वर्षअखेरीस या नोंदवह्यांची अधिकृत प्रत धर्मप्रांताच्या कचेरीत पाठवावी. १९८३ च्या संहितेनुसार विवाहाची नोंद जेथे विवाह झाला तेथे होते, आणि वधूवरांचा बाप्तिस्मा जेथे झाला त्या धर्मग्रामाच्या वहीतही ती केली जाते. मुरूडकडच्या मुलीचे लग्न मुंबईत झाले, तर एकाच संस्काराची नोंद दोन गावांत राहते. शिवाय बिशपांनी आपल्या भेटीत या वह्या तपासाव्यात, अशीही त्याच संहितेची आज्ञा आहे. एकाहून अधिक प्रती, निरनिराळ्या जागा आणि वेळोवेळी तपासणी या तीन गोष्टी त्यात आल्या. संगणकतज्ज्ञ आज याहून निराळे सांगत नाहीत.

बॅकअप कशाला म्हणावे?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी ‘तीन-दोन-एक’ असा सोपा नियम रूढ केला. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. घरच्या भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकात, दुसरी सुट्या डिस्कवर आणि तिसरी ठाण्याच्या बहिणीकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात, म्हणजे क्लाउडवर. पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून लिस्बनला जाणारी महत्त्वाची सरकारी पत्रे अनेक प्रतींत लिहून वेगवेगळ्या जहाजांनी रवाना केली जात. एक जहाज बुडाले तरी पत्र पोहोचावे, हा हेतू. दर्यावर जाणाऱ्या आपल्या लोकांना हा विचार वेगळा समजावून सांगायला नको.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. जागा करण्यासाठी फोटो मोबाइलमधून काढून सुट्या डिस्कवर नेले आणि मोबाइलमधून पुसले, तर ते बॅकअप होत नाही. प्रत एकच राहिली, तिने फक्त घर बदलले. मोबाइल व क्लाउड एकमेकांशी जोडलेले असतील, तर एका जागी पुसलेला फोटो दुसऱ्या जागेवरूनही पुसला जाऊ शकतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक आहे, जन्मभराच्या ठेव्यासाठी नव्हे. आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, नाही तर विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्हींना एकदमच गाठतो.

मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. तेथील अधिकाऱ्यांच्या फायली साठवणाऱ्या यंत्रणेत ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. ती जळून गेली. माहिती फार मोठी होती म्हणून प्रत ठेवली नव्हती, असे कारण देण्यात आले.

डिस्क खटखट असा आवाज करू लागली किंवा फायली उघडण्यास फार वेळ लावू लागली, तर संगणक त्वरित बंद करावा. पुन्हापुन्हा चालू करून पाहिल्याने उरलेली माहितीही खरवडली जाते. घरी ती उघडू नये. हवेतील धूळ तिला पुरेशी घातक असते. माहिती परत मिळवून देणारे तज्ज्ञ असतात, परंतु त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि यशाची हमी नसते.

आधी काय जपावे?

सर्व काही सारख्याच मोलाचे नसते. शासनाने दिलेली अनेक प्रमाणपत्रे २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये मिळू शकतात, बाप्तिस्म्याचा दाखला धर्मग्रामाच्या कचेरीतून पुन्हा काढता येतो, चित्रपट आणि गाणी बाजारात मिळतात. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत आधी करावी.

कोर्लईचेच पाहा. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण कोर्लईतील ख्रिस्ती समाजाच्या घरांत पोर्तुगीजमधून घडलेली आणि मराठीच्या सहवासात वाढलेली एक बोली आजतागायत टिकली. ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे ते तिला म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आसपासच आहेत आणि ती मुख्यतः बोलण्यातच जगते. तेथील एखाद्या आजीने नातवंडांना सांगितलेली गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड झाली असेल, तर ती केवळ त्या घराची ठेव नाही. तो मोबाइल पाण्यात पडला, तर ती गोष्ट त्याच आवाजात पुन्हा कोण सांगणार? प्रत्येक घरी असे काही ना काही असतेच, मग भाषा कोणतीही असो.

पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे आगोटीची तयारी होते. सुके मासे, मसाले, तांदूळ, सरपण भरले जाते, छपरे शाकारली जातात, होड्या वर ओढल्या जातात. त्या कामांच्या यादीत यंदापासून आणखी एक काम लिहावे, असे आम्ही सुचवतो. घरातील तरुणांनी एक दुपार काढून छायाचित्रे, आवाज आणि कागदपत्रे यांची नवी प्रत करावी. ती करून झाल्यावर चार-पाच फायली खरोखर उघडून पाहाव्यात, कारण उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा नसतो. डिस्कवर तारीख लिहावी आणि ती प्रत पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावी. त्या घरची प्रत आपण ठेवून घ्यावी. शेजारधर्माचा हाही एक प्रकार आहे, आणि त्याला खर्च फारसा येत नाही.