उजेडाचे पंचांग
‘दूरच्या सुट्टीची तयारी’ : लेखांक ३

केळापूर तालुका साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नॉर्वेमधले ट्रॉम्सो हे शहर ७० अंशांच्या किंचित अलीकडे. वीस आणि सत्तर मिळून नव्वद होतात, आणि एवढ्याशा बेरजेत उत्तर युरोपच्या सुट्टीचे निम्मे नियोजन दडलेले आहे.

दरवर्षी २०-२१ मेच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी, पांढरकवड्याला, दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. हा आपला शून्य सावलीचा दिवस. सूर्य ज्या जागेच्या माथ्यावर असतो, तिथून चहूबाजूंना ९० अंशांपर्यंतची पृथ्वी उजळलेली असते. आपल्यापासून उत्तर ध्रुव ७० अंशांवर आहे. उरलेल्या २० अंशांचा उजेड ध्रुव ओलांडून पलीकडच्या बाजूला उतरतो, आणि त्या बाजूला तेव्हा मध्यरात्र असते. म्हणजे आपल्याकडे सावली हरवते त्याच सुमारास ७० अक्षांशावरच्या गावांत सूर्य मावळायचा थांबतो. ट्रॉम्सोत मध्यरात्रीच्या सूर्याचा काळ साधारण २० मे ते २२ जुलै असा धरतात. आपला दुसरा शून्य सावलीचा दिवसही २३ जुलैच्या आगेमागेच येतो; त्या वेळी आभाळ भरलेले असते म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

हे आधी सांगायचे कारण असे की सहलीची जाहिरात देशांची नावे ठळक छापते आणि तारखा बारीक अक्षरात. काश्मीरला किंवा केरळला जाताना ते चालून जाते. उत्तर युरोपात मात्र तारीख हीच खरी जागा. त्याच गावात, त्याच खिडकीत जूनमध्ये चोवीस तास ऊन असते आणि डिसेंबरमध्ये सूर्य उगवतच नाही. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या जवळपास. अडीच तासांच्या या फरकात वाढलेल्या माणसाला त्या टोकांची कल्पना नुसत्या फोटोवरून येत नाही. म्हणून देश, विमान, हॉटेल हे सगळे नंतर. आधी उजेडाचे पंचांग उघडायचे आणि त्याच्या शेजारी आपले, शाळेचे आणि शेताचे, पंचांग ठेवायचे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. मध्यरात्रीचा सूर्य आणि आकाशातला हिरवा प्रकाश, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, एकाच सहलीत दिसत नाहीत. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात उतरतात आणि शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवरच्या प्राणवायूला धडकून हिरवा रंग उमटवतात. हे बाराही महिने चालते. पण ते दिसायला काळोख लागतो, आणि ट्रॉम्सोला पुरेसा काळोख ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच मिळतो. जूनचे आरक्षण करून हिरव्या आकाशाची आस धरणाऱ्यांची निराशा ठरलेली. ते दुःख टाळता येण्यासारखे आहे, म्हणून इतके बजावतो.

आता आपले पंचांग. नोकरदार आणि शिक्षक कुटुंबांना विदर्भाच्या उन्हाने एक सवलत दिली आहे. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे २२ मे ते २० जून हा जवळजवळ पूर्ण महिना हाती येतो आणि तो सगळाच्या सगळा मध्यरात्रीच्या सूर्याचा असतो. एप्रिलअखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्या गटात नाव घातले, तर पैसे तेवढेच जातील आणि ज्यासाठी गेलो तेच हुकेल. माझे मत स्पष्ट आहे : मुलांसह जाणाऱ्याने जूनचा पहिला पंधरवडा निवडावा. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा तिथे दहा-बारा अंश असतात.

ट्रॉम्सोत स्टोरस्टाइनेन या ४२१ मीटर उंचीच्या कड्यावर दोरगाडी जाते. रात्री अकरानंतर वर जाऊन बसावे. तिथले घड्याळ सूर्याच्या पुढे असल्याने सूर्य सर्वांत खाली येतो तो बाराला नव्हे, पाऊण वाजता. तो ठीक उत्तरेला, क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर येऊन रेंगाळतो आणि न टेकता पुन्हा चढू लागतो. उत्तर दिशेला सूर्य पाहणे हे आपल्या डोळ्यांना इतके अपरिचित आहे की दिशांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले पृथ्वीचे कलणे मुलांना इथे समोर दिसते.

पण शेती करणाऱ्या घराला जून कसा जमेल? मृग निघाला की लक्ष आभाळाकडे, मग सरकी लावायची, पुढे डवरणी, निंदण, खताचे डोस. आणि नेमका हाच अडचणीचा काळ तिकडच्या मुलांच्या सोयीचा असतो. नोकरीसाठी स्वीडन-नॉर्वेत गेलेली मुले आईबाबांना बोलावतात ती बहुधा जुलैत, कारण त्या देशांत जुलै हाच रजेचा महिना. कारखाने आणि कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या असतात. नाहीतर ती नाताळात बोलावतात. नाताळाला तर मी वयस्कर मंडळींना सरळ नको म्हणेन. स्टॉकहोमलाही, जे ट्रॉम्सोच्या कितीतरी दक्षिणेला आहे, डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी तासन्‌तास निळसर संधिप्रकाश असतो, तो सुंदर असतो, पण रस्त्यांवर बर्फाची काच होते आणि साठीच्या पुढच्या गुडघ्यांना ती धोक्याची आहे.

शेतकऱ्याचा महिना मार्च. तूर निघालेली असते, कापसाची उलंगवाडी झालेली असते, पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे होते, हरभराही घरात आलेला असतो. मार्च हा तिकडे फार गुणी महिना आहे आणि आपल्याकडच्या जाहिरातींत त्याला मान नाही. २१ मार्चच्या आसपास जगभर दिवस-रात्र सारखे, म्हणजे भटकायला बारा तासांचा उजेड आणि रात्री आठनंतर आकाश पाहण्याइतका काळोख. बर्फ अजून भरपूर असतो. शिवाय विषुवदिनाच्या आगेमागे पृथ्वीच्या आसाची ठेवण अशी असते की सूर्याकडचा वारा तिच्या चुंबकीय क्षेत्राला जास्त सहज भिडतो, त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाची शक्यता वाढते. ईस्टर मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला आला, तर तिकडे नोकरी करणाऱ्या मुलांनाही जोडून सुट्टी मिळते. ज्यांच्या घरात दहावी-बारावी आहे त्यांनी हा महिना सोडून द्यावा, बाकीच्यांनी आधी त्याचाच विचार करावा.

ध्रुवीय प्रकाशाची खात्री कोणी देत नाही. टिपेश्वर अभयारण्यात सुन्ना गेटमधून आत जाणाऱ्याला जशी वाघाची हमी नसते, तसेच हे. जंगलात वाघ असतो, फक्त आपल्या वाटेवर यावा लागतो. तेव्हा एका रात्रीवर भिस्त ठेवू नका, सलग चार-पाच रात्री त्याच भागात काढा. समुद्रकाठी ढग दाटतात. मग ट्रॉम्सोहून फिनलंडच्या सीमेकडे, स्किबोटनच्या खोऱ्याकडे जातात, तिथे हवा कोरडी आणि आकाश बहुतेक वेळा मोकळे असते. बारा दिवसांत चार राजधान्या दाखवणाऱ्या सहलीत या रात्री मिळत नाहीत. ऑस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी, कोपनहेगन ही चांगली शहरे आहेत. पण आयुष्यात एकदाच तिकडे जायचे असेल तर उत्तरेला जास्त दिवस द्यावेत.

थंडीचे भय बाळगू नका, पण कपड्यांचा विचार नीट करा. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे ट्रॉम्सोचा समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही आणि मार्चमध्ये पारा सहसा शून्याच्या थोडाच खाली असतो. आतल्या पठारावर मात्र तो वीस-तीस अंशांनी घसरू शकतो. अंगाला लागून सुती कपडा घालू नये. सूत घाम शोषते आणि थंडीत लवकर वाळत नाही. ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे पटायला जड जाईल, पण तिथे अंगाशी लोकरच हवी, पायमोजेसुद्धा लोकरीचे.

खर्चाचा लेख वेगळा येणार आहे, म्हणून इथे थोडक्यात. नॉर्वे महाग आहे आणि जेवण सर्वांत महाग. स्वयंपाकघर असलेले लाकडी घर, ज्याला तिकडे ह्युट्टे म्हणतात, चौघांच्या कुटुंबाला हॉटेलपेक्षा परवडते. कणीक, डाळ, तांदूळ बहुतेक शहरांत मिळतात. नळाचे पाणी निर्धास्त प्या. मोठी दुकाने रविवारी बंद असतात, शनिवारीच सामान भरा. घरचे साजूक तूप, पेढे, खवा मात्र बॅगेत घालू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. मेतकूट, तिखट, पापड यांची अडचण येत नाही.

जूनमध्ये जाणाऱ्यांसाठी झोपेचा प्रश्न खरा आहे. दिवेलागण होतच नाही, त्यामुळे मुले रात्री अकराला अंगणात खेळत राहतात आणि मोठ्यांनाही वेळेचा अंदाज उरत नाही. खोलीला जाड पडदे आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मोबाइलवर गजर लावावा आणि वेळा घरच्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्याव्यात. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार.

तारीख ठरली की उलटे मोजायला लागा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्यवस्थेत आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कागद अडले तर पंचेचाळीसपर्यंत जातात. ५ जूनला निघायचे असेल तर ५ डिसेंबरला दार उघडते. उन्हाळ्याच्या गर्दीआधी, फेब्रुवारीतच अर्ज द्यावा. मार्चमध्ये जाणाऱ्या शेतकरी कुटुंबाने दसऱ्यानंतर लगेच कागद गोळा करायला घ्यावेत, कारण वेचणी सुरू झाली की नागपूरच्या फेऱ्या जमत नाहीत. शेतीचे उत्पन्न दाखवताना सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या आणि बँकेचे उतारे कसे लावायचे, त्यांची भाषांतरे कशी करून घ्यायची, हे पुढच्या लेखांकात.