दुहेरी बाणाचा निरोप

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. देशात अशा घटना वाढल्या, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर खूण दाखवण्यास आरंभ केला. अनेक हातांतून फिरलेल्या निरोपावर आता दुहेरी बाण दिसतो.

माझे ज्येष्ठ रुग्ण ही खूण नेमकी उलट वाचतात. इतक्या लोकांनी पाठवले, म्हणजे खरेच असणार! वास्तविक तो बाण एवढेच सांगतो, की मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. मूळ लेखक कोण, हे कळायला मार्ग नसतो.

सगळेच निरोप सारखे घातक नसतात. सकाळच्या कोमट पाण्याविषयी मी कोणाशी वाद घालत नाही. परंतु पक्षाघात झाल्यास दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढावे आणि तोवर रुग्णाला हलवू नये, हा वर्षानुवर्षे फिरणारा निरोप माणसाला आयुष्यभर अपंग करू शकतो. मेंदूतील गुठळी बोट टोचून सुटत नाही. ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. खेड्यातून सोलापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ सरतो.

म्हणून निरोप चुकीचा निघाला तर काय गमवावे लागेल, हे आधी पाहावे. मग तारीख व लेखकाचे नाव शोधावे. नामांकित रुग्णालयाचा हवाला असल्यास त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो मजकूर आहे का, हे नातवंडांकडून तपासून घ्यावे. ओळखीच्या डॉक्टरांचा चेहरा आणि आवाजही आता बनावट तयार करता येतो. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली, तर औषधाची चिकित्सा करण्याचेही कारण नाही. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात बरे करण्याचे दावे जाहिरातीत करण्यास १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे.

घरातल्या तरुणांनी मात्र आजोबांना चारचौघांत खोटे पाडू नये. निरोप त्यांनी काळजीपोटीच पाठवलेला असतो.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि वेळ कागदावर टिपावी. रुग्ण शेवटचा केव्हा नीट होता, हा रुग्णालयातला पहिला प्रश्न असतो.