साठ अंशांची रेघ

सोलापुरातून पुणे महामार्गाने निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे गाड्यांचे कॅमशाफ्ट होतात, अमाइन्स होतात, औषधांचे मूळ पदार्थ होतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालाला नाव असतं, शुद्धतेचा टक्का असतो, प्रमाणपत्र असतं. पण प्रक्रिया संपल्यावर रिॲक्टरच्या तळाशी जे उरतं, त्याला यातलं काहीच नसतं. थोडं मिथेनॉल, थोडं टोल्युईन, बरंच पाणी, विक्रियेत न लागलेलं काहीबाही, रंग चहासारखा. असा एक ड्रम शेडमध्ये उभा आहे. तो कायद्याने घातक ठरतो का? साध्या ट्रकने जाईल की परवानाधारक गाडीनेच? हे कसं ठरतं, ते पाहताना मी थक्क होत गेलो. मिश्रण म्हणजे घटकांची बेरीज नव्हे, हे त्या ड्रमइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

कायदा आधी कुळी विचारतो. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले आणि आज चालतात ते २०१६ चे. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ प्रक्रिया आहेत. औषधनिर्मिती अठ्ठावीसावी, तिच्यातलं वापरलेलं सॉल्व्हंट म्हणजे २८.६. ऊर्ध्वपातनानंतर उरलेला गाळ २०.३, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, रासायनिक स्लज (गाळ) ३५.३. घातक रसायनाने माखलेलं रिकामं बॅरलसुद्धा ३३.१ म्हणून यादीत आहे. इथे प्रयोगशाळेची गरजच नाही. तू कुठे जन्मलास, एवढ्यावर भागतं. कारखान्याला वाटलं की आपला कचरा घातक नाही, तर ते चाचणीने सिद्ध करायची मुभा आहे, पण सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. हा क्रम मला फार योग्य वाटतो. शंकेचा फायदा इथे ड्रमला मिळत नाही.

यादीत कूळ सापडलं नाही, तरी सुटका नाही. दुसरी अनुसूची गुण तपासते, आणि खरी गंमत इथे आहे.

ज्वलनशीलतेची रेघ ६० अंश सेल्सिअसवर आखलेली आहे. ती मोजणारं उपकरण म्हणजे पेन्स्की-मार्टेन्सचा बंद कप. पितळी कपात नमुना घालायचा, झाकण लावायचं, ढवळत ढवळत सावकाश तापवायचं. ठरावीक अंशांवर झाकणाची छोटी खिडकी उघडते, इवलीशी ज्योत आत डोकावते आणि बाहेर येते. काही झालं नाही तर पुढचा अंश. आणि एका क्षणी द्रवाच्या पृष्ठभागावरून निळसर लखलख धावत जाते. तोच प्रज्वलनांक, म्हणजे फ्लॅश पॉइंट. ६० अंशांच्या आत लखलख झाली, तर ड्रम घातक. जळतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. म्हणून बंद कप, वाफ कोंडलेली राहावी यासाठी. एकोणिसाव्या शतकात घरोघरी रॉकेलचे दिवे आले, भेसळीच्या रॉकेलने ते भडकू लागले, त्या काळजीतून असे कप घडले. यातले मार्टेन्स म्हणजे बर्लिनचे आडोल्फ मार्टेन्स. तापवून झटकन थंड केलेल्या पोलादातल्या कठीण रचनेला मार्टेन्साइट म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

आता मिश्रण घ्या. टोल्युईनचा प्रज्वलनांक ४ अंश, मिथेनॉलचा ११, डीएमएफ या सॉल्व्हंटचा ५८. मग यांच्या मिश्रणाचा सरासरीने काढता येईल? नाही. वाफ कोण आधी आणि किती देतो, यावर सगळं ठरतं. जड तेलात जरासं पेट्रोल मिसळलं तरी त्या तेलाचा प्रज्वलनांक धाडकन खाली येतो, कारण कपातली वाफ मुख्यतः पेट्रोलची असते. पाण्याने भरपूर पातळ केलं तर? दहा टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी, अशा द्रवाचा प्रज्वलनांकही ४९ अंशांच्या आसपास येतो. नव्वद टक्के पाणी, तरी लखलख! गंमत म्हणजे ती लखलख होऊन विझते, द्रव पुढे जळत राहत नाही. म्हणून अमेरिकेच्या नियमांत २४ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेल्या पाण्याच्या द्रावणाला वेगळं काढलेलं आहे.

उलटा चकवाही असतो. मिथिलीन क्लोराइडला या कपात प्रज्वलनांकच सापडत नाही, आणि ते मिथेनॉलमध्ये पुरेसं असलं तर त्याची वाफ ज्योतीला दाबून टाकते. पण मिथिलीन क्लोराइड ४० अंशांना उकळतं आणि मिथेनॉल ६५ ला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. बूच सैल असलेल्या ड्रममधून मिथिलीन क्लोराइड आधी उडतं आणि मागे उरतं ते मिथेनॉलने भरलेलं, पेटणारं मिश्रण. सकाळी तपासलेला नमुना आणि आठवड्यानंतरचा ड्रम यांची ओळख एकच राहिलेली नसते.

आम्लाचं गणित याहून कठोर. पीएच २ किंवा त्याखाली, अथवा १२.५ किंवा त्यावर गेला की द्रव क्षरणकारक. पीएच १ चं तीव्र आम्ल दहापट पाण्यात पातळ केलं, तर पीएच जेमतेम २ होतो, म्हणजे रेघेवरच. शंभर लिटरचे हजार लिटर झाले आणि कचरा घातकच राहिला! पाणी ओतून सुटू पाहणाऱ्याला इथे निसर्गच अडवतो.

घन कचऱ्याची परीक्षा वेगळी. शंभर ग्रॅम नमुना दोन लिटर सौम्य ॲसेटिक आम्लात घालून १८ तास गरागरा फिरवतात, मग गाळून पाहतात. आम्ल ॲसेटिकच का? कारण कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याच्या डेपोत तेच तयार होतं. स्लजमध्ये शिसं किती आहे यापेक्षा पावसापाण्याबरोबर किती सुटून येईल, हा प्रश्न. लिटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा गाठली की तो स्लज घातक.

आणि काही मिश्रणं तपासायला वेळच देत नाहीत. सल्फाइडचा कचरा आणि आम्लाचा कचरा, दोन्ही आपापल्या ड्रममध्ये शांत; एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला टँकरमधून वालधुनी नदीत रासायनिक कचरा सोडला गेला आणि काठच्या शेकडो लोकांना श्वास घेणं अवघड झालं. तेव्हापासून मला ड्रमवरच्या कागदाचं मोल जास्त वाटतं.

घातक ठरला की ड्रमवर झगझगीत पिवळं लेबल लागतं, त्यावर ‘घातक कचरा’ आणि ‘जपून हाताळा’ लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत. मालासोबत जाणारं सात प्रतींचं मॅनिफेस्ट बनतं. पाठवणारा, वाहणारा, घेणारा आणि प्रदूषण मंडळ, प्रत्येकाच्या रंगाची प्रत ठरलेली. निळी प्रत घेणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याकडे येते, म्हणजे माल खरोखर पोहोचला हे कळतं. पण रस्त्यावर त्या मिश्रणाला हाक कुठल्या नावाने मारायची? संयुक्त राष्ट्रांच्या क्रमांकांत शुद्ध टोल्युईन १२९४, मिथेनॉल १२३०. आपला चहाच्या रंगाचा द्रव यातला कुणीच नाही. त्या यादीचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की तिने अनोळख्यांसाठीही जागा राखलेल्या आहेत: ‘अन्यत्र न नोंदलेला ज्वलनशील द्रव’ म्हणजे १९९३, तोच विषारीही असेल तर १९९२, विषारी आणि क्षरणकारक दोन्ही असेल तर ३२८६. दोन धोके एकत्र असले तर मुख्य कोणता, यासाठी अग्रक्रमाचा तक्ता आहे. सौम्य क्षरणकारक असेल तर ज्वलन पुढे, अतितीव्र असेल तर बहुतेकदा क्षरण पुढे.

असा माल चिंचोळीहून रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे निघाला, तर टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरला तो भीमेवरून जातो. शेजारीच उजनी धरण, सोलापूरकरांच्या नळाचं पाणी. चालकाने घातक मालाच्या वाहतुकीचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं आणि अपघातात काय करायचं याचं कार्ड केबिनमध्ये असावं लागतं. आपल्याकडच्या अनेक टँकरांच्या पाठीवर हॅझकेम या आपत्कालीन सूचनापद्धतीचा संकेतही रंगवलेला असतो. टोल्युईनचा ‘३वायई’. ३ म्हणजे विझवायला फेस वापरा. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. आणि वाय या अक्षराच्या अर्थातच एक स्पष्ट सूचना आहे: सांडलेलं पाण्याने धुऊन वाहू देऊ नका, जागच्या जागी अडवा.