हिरड्याला दुसरे गिऱ्हाईक

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या धारेवर आहुपे आहे. घोड नदी याच डोंगरांत उगम पावते. गावाच्या कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाड तालुका आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. पाठीमागे डिंभे धरणाच्या कडेने घोडेगावला जाणारा रस्ता आहे. महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पावसावर भात, नाचणी, वरई पिकते. इथे कारखाना नाही, कंपनी नाही, बाजार समितीही नाही. तरीही देशाच्या अर्थव्यवस्थेत खासगी क्षेत्र काय काम करते, हे समजून घ्यायला मी आहुप्याचाच रस्ता सुचवेन. कारण इथे हिरडा विकला जातो, आणि त्या एका व्यवहारात घर, व्यापारी, सरकार आणि ग्रामसभा असे चौघेही भेटतात.

खासगी क्षेत्र म्हटले की आपल्याला टाटा, अंबानी, चाकणचे मोटार कारखाने आठवतात. देशाच्या उत्पन्नाचा हिशोब मांडणारे मात्र वेगळी वाटणी करतात. सरकार आणि सरकारी कंपन्या हे सार्वजनिक क्षेत्र. नोंदलेल्या खासगी कंपन्या दुसऱ्या गटात. आणि तिसरा गट घरगुती क्षेत्राचा: शेतकरी, दुकानदार, सुतार, टपरीवाला, रिक्षावाला, हिरडा वेचणारे कुटुंब. ढोबळमानाने पाहिले तर भारताच्या उत्पन्नात सार्वजनिक क्षेत्राचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. घरगुती क्षेत्राचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे कंपन्यांपेक्षाही मोठा आहे. आहुप्यातले झाडावर चढणारे कुटुंब हेही खासगी क्षेत्रच आहे. ते स्वतःचे श्रम घालते, स्वतः जोखीम घेते आणि नुकसान झाले तर स्वतःच सोसते. ही गोष्ट नजरेआड झाली की खासगी विरुद्ध सरकारी ही सगळी चर्चा दोन मोठ्या खुर्च्यांमधले भांडण होऊन बसते.

आता माल पाहू. हिरडा एकाच झाडाचे फळ, पण बाजारात तो तीन नावांनी विकला जातो. आठळी धरण्याआधी काढलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. त्याहून वाढलेला तो चांभारी हिरडा, कातडे कमावायला जाणारा. पूर्ण पिकलेला, भरीव तो सुरवारी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पैसा मिळतो तो मुख्यतः बाळहिरड्याचा, आणि तो हंगाम ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर येतो. एकजण झाडावर चढून फांद्या हलवतो, काठीने झोडतो. खाली बायका-मुले वेचतात. मग तो अंगणात, खडकावर, मिळेल त्या सपाट जागी उन्हात पसरायचा. सुकताना हिरवा रंग जाऊन तो काळा पडतो, सुरकुततो, आणि वजन निम्म्याहून कितीतरी खाली येते. नीट वाळलेला हिरडा मुठीत हलवला की खडखडतो. वळवाचा एक पाऊस त्याच्यावर पडला तर बुरशी धरते आणि भाव पडतो. म्हणून आभाळ भरून आले की आधी हिरडा झाकायला सगळे धावतात.

हा माल जातो कुठे? औषधांच्या कारखान्यांत, त्रिफळा चूर्णात, काही प्रमाणात रंग आणि कातड्याच्या धंद्यात. एके काळी तो सातासमुद्रापार जाई. ब्रिटिश काळात भारतातून कातडे कमावण्यासाठी हिरडा मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे, आणि तिकडच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रतींना जबलपूर, वेंगुर्ला अशी आपल्याकडच्या गावांची आणि बंदरांची नावे दिली होती. पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे झटपट कमावण्याची पद्धत पसरली आणि हिरड्याची ती मागणी ओसरली. डोंगरातल्या माणसाच्या मिळकतीवर त्याने कधी न पाहिलेल्या प्रयोगशाळेचा असा परिणाम होतो. खासगी बाजाराची ताकद इथे दिसते: दूरची गरज तो झाडापर्यंत पोचवतो. आणि गरज संपली की तितक्याच शांतपणे निघून जातो.

भाव कसा ठरतो ते आकड्यांत पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, मोठ्या बाजारात वाळल्या बाळहिरड्याला किलोला १५० रुपये मिळतात. गावात खरेदी करणारा व्यापारी मनाशी हिशोब मांडतो. वाहतूक आणि हमाली ६ रुपये. माल अजून थोडा सुकेल, तूट येईल, त्याचे १२. दोन महिने पैसा अडकेल, त्याचे व्याज ५. उरले १२७. त्यात जोखमीचा आणि कष्टाचा नफा १० रुपये धरला तरी तो ११७ रुपये देऊ शकतो. हा नफा वाईट नाही. त्या व्यापाऱ्याने गाडी आणली, रोकड आणली, गोणी उचलल्या. कोणी तरी हे केल्याशिवाय आहुप्यातला हिरडा आहुप्यातच राहील. व्यापाऱ्याला सरसकट लुटारू म्हणण्याची आपली सवय मला पटत नाही.

पण तो ११७ देईलच असे नाही. गावात दुसरे गिऱ्हाईक नसेल तर तो ९० म्हणेल आणि ९० लाच माल उचलेल. हे वरचे २७ रुपये कुठल्याही सेवेचा मोबदला नाहीत. विकणाऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही, याची ती किंमत आहे. त्यात उचल घेतलेली असेल तर प्रश्नच मिटला. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, आजारपण येते, तेव्हा ज्याच्याकडून पैसे उचलले त्यालाच पुढच्या हंगामाचा माल द्यावा लागतो, त्याच्या काट्यावर, त्याच्या भावात. मग वजनात किती गेले आणि ‘ओला आहे’ म्हणून किती कापले, हे विचारण्याची सोय राहत नाही. मुक्त बाजार असे ज्याला म्हणतात तो इथे नुसता नावाला उरतो, कारण दोन बाजूंपैकी एकच बाजू मुक्त असते.

यावर महाराष्ट्राने १९७० च्या दशकात एक मोठा उपाय केला. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी योजनेला आधार मिळाला: आदिवासी क्षेत्रात ठरावीक शेतमाल आणि वनोपज महामंडळानेच, स्थानिक आदिवासी सहकारी संस्थांमार्फत घ्यायचे, खासगी व्यापाऱ्याला बंदी. पावसाळ्यातली उचल थांबावी म्हणून खावटी कर्जाची योजनाही आली. निदान अचूक होते. भाव आणि उचल या दोन्ही गाठी एकदम सोडवायच्या, हे कोणाला तरी नीट कळले होते.

उपायात मात्र एक खोट होती. एकाधिकार म्हणजे पुन्हा एकच गिऱ्हाईक. खरेदी केंद्र उशिरा उघडले, बारदान आले नाही, पैसे महिनोन्‌महिने रखडले, तर विकणारा जाणार कुठे? सरकारी खरेदीचा हा अनुभव आदिवासी भागांत जुना आहे. हातात रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडे माल चोरून जाऊ लागला आणि चोरून विकायचा म्हणजे भाव आणखी पाडून विकायचा. पुढे ही सक्ती सैल होत गेली. केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तिचा विचार वेगळा आहे: व्यापाऱ्याला हाकलायचे नाही, पण भाव एका पातळीखाली गेला तर सरकारने खरेदीला उभे राहायचे. आपल्या उदाहरणात महामंडळ ११५ रुपयांचा काटा लावून बसले तर व्यापाऱ्याला ९० म्हणता येत नाही. महामंडळाने गावातली एक गोणी विकत घेतली नाही तरी चालेल. ते आहे, एवढ्यानेच भाव चढतो.

याच तालुक्याच्या पूर्व भागात नेमकी उलटी गोष्ट घडली. मंचर, अवसरी, पारगाव हा बागायती पट्टा. दूध घेणारे गिऱ्हाईक तिथे मुख्यतः शासकीय योजना आणि सहकारी संघ हेच होते. पुष्टकाळात दूध वाढले की संकलन एखादा दिवस बंद राही. गाय मात्र त्या दिवशीही दूध देते. १९९१ नंतर परवान्यांची बंधने सैल झाली आणि १९९२ मध्ये मंचरजवळ ‘पराग’ हा खासगी दूध प्रकल्प उभा राहिला, ‘गोवर्धन’ नावाने तूप विकणारा. शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पश्चिमेला जे काम सरकारने व्यापाऱ्यासमोर उभे राहून करायचे, तेच काम पूर्वेला खासगी प्रकल्पाने सरकार आणि सहकार यांच्यासमोर उभे राहून केले. म्हणून मला खासगी चांगले की सरकारी चांगले हा वाद फोल वाटतो. विकणाऱ्याला ‘नको, मी दुसऱ्याला देतो’ असे म्हणता येते का, हे विचारावे.

आणखी एक हिशोब सहसा मांडला जात नाही. पूर्वेची बागायत ज्या पाण्यावर उभी आहे, ते घोड नदीचे, म्हणजे आहुप्याच्या डोंगरांचे पाणी. ते डिंभे धरणात अडवले, कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी फिरवले, ते सरकारी पैशाने. त्या धरणात याच खोऱ्यातली आदिवासी गावे आणि शेते बुडाली. मग त्या पाण्यावर खासगी शेतकऱ्याचा ऊस, सहकारी साखर कारखाना, खासगी दूध प्रकल्प आणि त्यांच्या मागे बँका, गॅरेज, खतांची दुकाने उभी राहिली. खासगी उद्योगाची हिंमत खरी आहे, पण तिच्या पायाखालचा दगड बहुतेक वेळा सार्वजनिक असतो. हे उद्योजकांनाही ठाऊक होते. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आदींनी जो ‘बॉम्बे प्लॅन’ मांडला, त्यात देशातल्या बड्या भांडवलदारांनीच सरकारने मोठी गुंतवणूक करावी, असा आग्रह धरला होता.

आहुप्यात ही गुंतवणूक सगळ्यात कमी पोचली. कोरडे गोदाम, खरा काटा, बारमाही रस्ता, वेळेवर मिळणारे कर्ज या गोष्टी गावात असत्या तर कुटुंबाला मे महिन्यातच माल विकून टाकण्याची घाई राहिली नसती. त्या नसल्यामुळे भात लावणी उरकली की कित्येकजण नारायणगाव-मंचरकडे मजुरीला उतरतात. तोही खासगी बाजारच, श्रमाचा.

जोखीम कोणाची, हे २०२० मध्ये दिसले. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याची झाडे मोडली, उन्मळली. कंपनीचे नुकसान झाले तर विमा असतो, बुडीत कर्जाची तडजोड असते. हिरडा धड शेतपीक नाही, धड फळबाग नाही. त्याच्या भरपाईसाठी इथल्या लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. मोठे झाड गेले की एका पिढीची मिळकत जाते, कारण नवे झाड फळाला यायला फार वर्षे लागतात.

कायद्याने मात्र एक दार उघडले आहे. आंबेगाव आणि जुन्नरची पश्चिमेकडची आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेला आणि वनहक्कधारकांना दिला. गोळा करण्याचा तसाच विकण्याचाही. म्हणजे गाव एकत्र बसून माल साठवू शकते, व्यापाऱ्यांकडून दर मागवू शकते, जो जास्त देईल त्याला विकू शकते. दहा किलोच्या गोणीसमोर व्यापारी भाव सांगतो. दहा टनांच्या ढिगासमोर त्याला भाव विचारावा लागतो. गडचिरोलीत काही ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपाने याच वाटेने विकली आहेत. एकत्र राखण्याची शिस्त आहुप्यालाही नवी नाही. गावाने आपली देवराई पिढ्यानपिढ्या सांभाळली, ती ना सरकारची म्हणून ना कोणा एकाची म्हणून. अशी सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा मागणे साधे आहे. घोडेगावात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. बाळहिरड्याचा आधारभाव हंगामाच्या आधी, मार्च संपण्यापूर्वी जाहीर व्हावा. पहिला माल सुकायच्या आत खरेदीचा काटा गावात लागावा. पैसे पावतीबरोबर खात्यात जमा व्हावेत. व्यापाऱ्यालाही त्याच गावात, त्याच दिवशी, उघड बोली लावू द्यावी. आणि गावांनी आपला हिरडा घराघरातून सुटा न विकता ग्रामसभेच्या नावाने एकत्र विकावा.