पाप, गुन्हा आणि कबुली

गुन्हेगारी जगाच्या काळोख्या कथा दूरचित्रवाणीवर दिसूं लागल्या कीं त्या घरांतल्या मंडळींनीं पाहाव्या कीं नाहीं, असा वाद निघतो. तो वाद मी आज बाजूस ठेवितों. मला सांगावयाचें आहे तें हें कीं, यांपैकीं कांहीं कथांचा सांगाडा ख्रिस्ती धर्मशास्त्रांतला आहे. मग त्यांत पाद्री दिसो वा न दिसो.

‘बेटर कॉल सॉल’ ही अमेरिकन मालिका घ्या. ती २०१५ पासून २०२२ पर्यंत चालली. अल्बुकर्की शहरांतला जिमी मॅकगिल हा वकील ‘सॉल गुडमन’ हें नांव धारण करितो आणि पुढें वॉल्टर व्हाइट या मादक द्रव्यें बनविणाऱ्या शिक्षकाचा कायदेपंडित होतो. या वॉल्टरची कथा ‘ब्रेकिंग बॅड’ या आधींच्या मालिकेंत आली होती.

शेवटच्या भागांत गतकाळांतले कांहीं प्रसंग येतात. काळयंत्र मिळालें तर कोठें जाल, असें सॉल विचारतो. पूर्वीं पोलिसांत असलेला माईक उत्तर देतो: १७ मार्च १९८४, त्या दिवशीं त्यानें पहिली लांच घेतली. वॉल्टरला आठवते ती स्वतः उभारलेली आणि हातची गेलेली कंपनी. स्वतः सॉल एकदां गुंतवणुकीच्या नफ्याची बात करितो, तर एकदां तरुणपणीं दुखावलेल्या गुडघ्याची! हळहळ तिघांनाही आहे. पश्चात्ताप मात्र एकट्या माईकच्या उत्तरांत आहे. आपलें काय गेलें याचें दुःख निराळें, आणि आपण काय केलें याचें निराळें.

सन १५५१ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें पापी माणसाकडून तीन गोष्टींची अपेक्षा सांगितली: अनुताप, कबुली आणि प्रायश्चित्त. शिक्षेच्या भयानें होणाऱ्या अनुतापास तिनें अपूर्ण म्हटलें. आपल्याकडे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांतही पाप उघड सांगणें आणि अनुताप हीं पापमोचनाचीं साधनें म्हणून येतात, हें जातां जातां सांगतों.

आतां न्यायालयाकडे वळूं. पकडला गेलेला सॉल आपल्या वाक्चातुर्यानें शिक्षा साडेसात वर्षांवर आणतो. तुरुंगांत आठवड्यास आइस्क्रीम मिळावें, इतकी मजल तो मारतो. तेवढ्यांत त्याला कळतें कीं, पूर्वाश्रमीची पत्नी किम हिनें आपल्या वांट्याचें सारें लेखी कबूल केलें आहे, आणि ज्याच्या मृत्यूस दोघांचें कारस्थान कारण झालें, त्याच्या विधवेच्या हातीं तो कागद दिला आहे. मग तो भर न्यायालयांत किमच्या समक्ष खरें बोलतो. भावाचा विमा आपण मुद्दाम अडचणींत आणला, वकिली सुटल्यावर त्यानें आत्महत्या केली, हेंही सांगतो. हा कायद्यानें गुन्हाच नव्हे, असें त्याचा सोबती वकील म्हणतो. सॉलला तें मान्य नाहीं.

या मालिकेचें मर्म मला येथें दिसतें. गुन्हा कायद्याच्या पुस्तकांत सांपडतो. पाप तेथें सांपडेलच असें नाहीं. न्यायालयाला जें विचारावयाचें नव्हतें, तेंच त्यानें सांगितलें, आणि आपलें जुनें नांवही परत मागून घेतलें. शिक्षा झाली ८६ वर्षें.

याला तारण म्हणावें काय? धर्मशास्त्री येथें अडेल, आणि योग्यच अडेल. ख्रिस्ती मतानें माणूस स्वतःला तारूं शकत नाहीं. क्षमा ही देवाची कृपा होय. मालिकेंत क्षमेचा शब्द कोणीच उच्चारीत नाहीं. भाऊ मेलेला, विधवेचा नवरा परत येणार नाहीं. किम मात्र तुरुंगांत भेटीस येते. भिंतीस टेकून दोघें एकच सिगारेट आळीपाळीनें ओढतात. सारें दृश्य काळ्या-पांढऱ्या रंगांत आहे. केवळ सिगारेटच्या ठिणगीला रंग आहे.